ट्वेंटीनायनर हार्डटेल घरी जोडताना

ट्वेंटीनायनर हार्डटेल, म्हणजे २९ इंची मोठ्या चाकांची आणि फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक, सुटे भाग आणून घरीच जोडायची असं ठरवलं, तेव्हा धास्ती हातांची होती. आटे खराब झाले तर? चाक विणताच आलं नाही तर? कामाला लागल्यावर ती धास्ती लवकरच विरली. मापांनी मात्र शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत पाठ सोडली नाही. माउंटन बाइकमध्ये एकाच कामाच्या भागाची चार-चार मापं निघतात आणि त्यातली तीन आपल्या फ्रेमला बसत नाहीत. हे काम हाती घेणाऱ्या कुणाला माझ्यासारखं रात्र रात्र तक्ते वाचत बसायला लागू नये, म्हणून जे जसं घडलं ते क्रमानं लिहिते आहे.

जानेवारी सगळा कागदावर गेला. आधी फ्रेम ठरवली. क्रोमोली स्टीलची, पुढच्या १२० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या (म्हणजे तेवढा दबणाऱ्या) फोर्कसाठी आखलेली, मागे सस्पेन्शन नाही. फुल सस्पेन्शनमध्ये मागचा शॉक, त्याचे सांधे आणि त्या सांध्यांतली बेअरिंग एवढं सगळं वाढतं. पहिल्यांदाच जोडणाऱ्यानं ते अंगावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय हार्डटेलवर वाट नीट बघून चालवायची सवय लागते. मागचं चाक नको त्या दगडावर गेलं की लगेच तळपायाला कळतं.

चाकं २९ इंची. हे २९ इंच म्हणजे टायर धरून बाहेरचा व्यास, आणि तोही ढोबळ. रिमवर टायर जिथं बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर, म्हणजे रस्त्यावरच्या ७०० सी सायकलीचाच. जुन्या २६ इंची माउंटन बाइकचा ५५९ आणि साडेसत्तावीस इंचीचा ५८४. टायर घेताना इंचांवर विसंबू नये, टायरच्या कडेला उमटवलेला जोडआकडा वाचावा. माझ्या टायरवर ६१-६२२ आहे. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा व्यासाचा.

मोठ्या चाकांचं खूळ तसं जुनंच. इंग्लंडमधले जेफ ॲप्स १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच फिनलंडचे जाड टायर लावून रानावनात फिरायच्या सायकली बनवत होते. पण तसे टायर सहज मिळत नसत. पुढे १९९९ मध्ये डब्ल्यूटीबी कंपनीचा नॅनोरॅप्टर हा टायर आला आणि मग फ्रेम बनवणाऱ्यांना या मापावर भरवसा ठेवता आला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकच्या शर्यतीत यारोस्लाव्ह कुल्हावीनं २९ इंची चाकांवर सुवर्ण जिंकलं, तेही साडेसत्तावीस इंचीवरच्या निनो शुर्टरला एका सेकंदानं मागे टाकून. त्या एका सेकंदानं चाकांचा वाद मिटला असं मला वाटत नाही, पण त्यानंतर मोठ्या चाकांना हसणारे कमी झाले.

तर, मापं. फ्रेमच्या माहितीपत्रकातून एकेक माप वहीत उतरवलं आणि समोर कोणता भाग चालेल ते लिहीत गेले. मागचा ॲक्सल (चाकाचा आस) १४८ बाय १२ मिलिमीटर, ज्याला बूस्ट म्हणतात. पण नुसता ‘बूस्ट’ शब्द वाचून हब (चाकाचा मधला तुंबा) मागवू नका, कारण क्विक रिलीजवाला (झटपट सुटणाऱ्या आसाचा) बूस्ट १४१ हाही एक प्रकार आहे. फोर्कचा ॲक्सल ११० बाय १५. हेड ट्यूब (फ्रेमची पुढची, फोर्क धरणारी नळी) आतून ४४ मिलिमीटर, वर-खाली सारखीच. फोर्कची नळी मात्र खाली जाड आणि वर बारीक असते, त्यामुळे हेडसेटचा, म्हणजे तिथल्या बेअरिंगचा, खालचा कप हेड ट्यूबच्या बाहेर राहणारा घ्यावा लागतो. बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या क्रँकचं बेअरिंग) ७३ मिलिमीटरचा आणि आट्यांचा. हे मी फ्रेम निवडतानाच बघून घेतलं होतं, कारण दाबून बसवायच्या ब्रॅकेटला वेगळी हत्यारं लागतात आणि ते कुरकुरतातही जास्त.

सगळ्यात जास्त वेळ कॅसेटनं, म्हणजे मागच्या गिअरच्या दातेरी चक्रांच्या संचानं, खाल्ला. बारा गिअरच्या कॅसेटमध्ये सगळ्यात लहान चक्र १० दात्यांचं असेल तर ते जुन्या पद्धतीच्या फ्रीहबवर (हबचा कॅसेट धरणारा तुकडा) बसत नाही. शिमानो कंपनीच्या कॅसेटला मायक्रो स्प्लाइन नावाचा फ्रीहब लागतो, स्रॅमच्या कॅसेटला एक्सडी. काही हबवर हा तुकडा पुढे बदलता येतो, काहींवर येत नाही. म्हणून आधी गिअर कुणाचे ते ठरवा, मग हब, आणि हब हातात आल्यावरच स्पोक. हा क्रम उलटा झाला की पैसे पाण्यात गेलेच म्हणून समजा.

फेब्रुवारीत मागणी नोंदवली. फ्रेम एका देशातून येणार होती, हब आणि रिम दुसऱ्या. फ्रेम आली, पण हब-रिमचं पार्सल सीमाशुल्क विभागात अडकलं. बीजकावर ‘सायकलचे भाग’ एवढंच छापलेलं होतं आणि त्यांना प्रत्येक वस्तूची वेगळी वर्गवारी हवी होती. वर्गवारीचे हे आकडे लिहून ठेवा: ८७१४.९१ फ्रेम आणि फोर्क, ८७१४.९२ रिम आणि स्पोक, ८७१४.९३ हब, ८७१४.९४ ब्रेक, ८७१४.९५ सीट, ८७१४.९६ पेडल आणि क्रँक, आणि उरलेलं बरंचसं ८७१४.९९ मध्ये. पहिले सहा आकडे जगभर सारखेच असतात, पुढचे आकडे आणि शुल्काचा दर देशागणिक बदलतो. विकणाऱ्याकडून वस्तूवार किमतीचं नवं बीजक मागवलं, पैसे भरल्याचा पुरावा जोडला, ‘स्वतःच्या वापरासाठी’ असं पत्र लिहून सही केली. तरी त्यांनी पुन्हा एकदा तेच बीजक मागितलं. जवळजवळ तीन आठवडे गेले. मागणी नोंदवतानाच वस्तूवार बीजक सांगितलं तर हा सगळा व्याप वाचतो.

वाट बघण्याचे ते दिवस फ्रेमच्या तयारीत घालवले. बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांमध्ये रंग भरलेला होता, कप एक वेढाही सरळ जाईना. तिथं जोर लावायचा मोह होतो, पण जोर लावू नये. आटे साफ करायचं हत्यार महाग आणि एकदाच लागणारं असतं, त्यामुळे ते काम जाणकार मेकॅनिककडून करून घेतलं आणि मागच्या ब्रेकची बैठकही त्याच वेळी सपाट करून घेतली. हा खर्च वाचवू नका. उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवला की आवळला जातो. स्टीलच्या नळ्यांच्या आत गंजरोधक मेण फवारलं आणि फ्रेम हळूहळू सगळ्या बाजूंनी फिरवली, म्हणजे ते कानाकोपऱ्यात पोचतं. दोन दिवस त्याचा वास हातांना होता.

हेडसेटचे कप ठोकून बसवू नयेत. लांब आट्यांचा रॉड, दोन नट आणि जाड, मोठे वायसर एवढ्यावर घरगुती प्रेस तयार होतो. वायसर कपाच्या कडेवर टेकले पाहिजेत, बेअरिंगवर नाहीत. एका वेळी एकच कप घ्यायचा, दर अर्ध्या वेढ्याला डोळ्यांच्या पातळीवर बघायचं आणि तिरका जातोय असं वाटलं की मागे घ्यायचा. फोर्कची नळी कापताना दोन स्पेसर जास्तीचे राहतील एवढी लांब ठेवली. नळी पुन्हा कधीही कापता येते, वाढवता येत नाही. स्टार नट (नळीच्या आत अडकणारा, हेडसेट आवळायचा नट) कापलेल्या कडेपासून १५ मिलिमीटर आत बसवायचा.

एकूण खर्चातला सगळ्यात मोठा घास फोर्कनं घेतला, जवळजवळ चौथाई. त्याखालोखाल चाकं. हत्यारांचा आकडा मी कमी धरला होता. टॉर्क रेंच, कॅसेटचं आणि बॉटम ब्रॅकेटचं हत्यार, चांगला स्पोक पाना हे विकतच घ्यावं. टेन्शन मीटर (स्पोकचा ताण मोजायचं) आणि चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढायचा स्टँड कुणाकडून तरी मागून आणता येतो.

एप्रिलमध्ये चाकं विणायला घेतली, आणि सगळ्या कामातला मला आवडलेला भाग हाच. रिमला ३२ भोकं, हबच्या प्रत्येक कानाला (कडेच्या चकतीला) १६. स्पोकची लांबी काढायला दोन गोष्टी मोजायच्या: हबची मापं आणि रिमचा परिणामी व्यास, म्हणजे निप्पल (स्पोकच्या टोकाचा नट) जिथं टेकतं तिथला व्यास. रिमवर छापलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवला नाही. दोन जुने स्पोक निप्पलसकट बरोबर २०० मिलिमीटरवर कापले, समोरासमोरच्या भोकांत घातले आणि मधली फट कॅलिपरनं मोजली. फट अधिक ४०० म्हणजे व्यास. हे चार ठिकाणी करून सरासरी घेतली. तीन ओलांडणीच्या विणीत ३२ भोकांना ६७.५ अंशांचा कोन येतो, तो सूत्रात घातला. माझ्या चाकांना लांबी २९० च्या आसपास निघाली. मागच्या चाकात उजवीकडचे स्पोक डावीकडच्यांपेक्षा दीडेक मिलिमीटर आखूड, कारण कॅसेटला जागा द्यायला उजवा कान आत सरकलेला असतो. पुढच्या चाकात डिस्क ब्रेकमुळे तेच डावीकडे होतं.

वीण घालताना प्रत्येक स्पोक आपल्याच बाजूच्या तिघांना ओलांडतो. कानाच्या बाहेरच्या अंगाचा स्पोक पहिल्या दोघांच्या बाहेरून आणि तिसऱ्याच्या आतून जातो, आतल्या अंगाचा बरोबर उलटा. व्हॉल्व्हच्या भोकाशेजारचे दोन स्पोक एकमेकांपासून लांब जाणारे हवेत, नाहीतर हवा भरायला पंपाचं तोंड आत जात नाही. निप्पलच्या आट्यांना जवसाच्या तेलाचा थेंब लावला. आधी सगळी निप्पल स्पोकचे आटे दिसेनासे होईपर्यंत, मग अर्धा वेढा, मग पाव. घाई केली की चाकाचा आकार हरवतो आणि कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. पहिल्यांदा वर-खालीचा आउट, मग बाजूचा, मग मध्य, मग ताण, आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही आउट अर्ध्या मिलिमीटरच्या आत आले की थांबावं. त्याच्या पुढं जाणं ही हौस आहे.

मध्य बघायला रिमच्या खाली तीन सारख्या उंचीचे पेले ठेवले. हबचं टोक आणि टेबल यांच्यामधल्या फटीत नाणी रचली, मग चाक उलटं केलं. तेवढीच नाणी दोन्हीकडे बसली की रिम मधोमध आहे.

ताण वाढायला लागला तसे स्पोक पिळवटू लागले. निप्पल फिरतं तेव्हा पातळ स्पोकही थोडा त्याच्याबरोबर फिरतो आणि सायकलवर बसल्यावर पुन्हा सुटतो. एका स्पोकला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावला तेव्हा ते डोळ्यांना दिसलं. पाना पाव वेढा फिरवला की झेंडाही तिरका होत होता. उपाय असा की गरजेपेक्षा थोडं पुढं जायचं आणि झेंडा सरळ होईपर्यंत मागे यायचं. मग हातमोजे घालून समांतर स्पोकांच्या जोड्या दोन्ही हातांनी घट्ट दाबल्या. कुठून तरी टिंग, टिंग असे आवाज आले, आणि आउट पुन्हा थोडा वाढलेला. दाबायचं, आउट काढायचा, पुन्हा दाबायचं. आवाज यायचे बंद होईपर्यंत हे चालू ठेवायचं.

लहानपणापासून घरातल्या सगळ्या सायकलींचे आउट दादाच काढत आला आहे. त्याला फोन केला तेव्हा म्हणाला, “मीटर नंतर लाव गं. आधी नखानं वाजवून बघ. एका बाजूचे सगळे एका सुरात लागले पाहिजेत.”

“आणि एखादा बेसूर लागला तर?”

“त्याला एकट्याला धरू नकोस. शेजारचे दोघं काय करतायत ते बघ.”

मीटरवर मागच्या चाकाची उजवी बाजू ११५ किलोच्या जवळ स्थिरावली. रिमच्या कंपनीनं १२० ची मर्यादा दिली होती. डावी बाजू त्याहून बरीच ढिली लागते, ते तसंच असायचं. पहिल्या चाकाला माझ्या अख्ख्या सुट्टीचे दिवस गेले, दुसरं त्याच्या निम्म्यात झालं.

मे महिन्यात बाकीचं उरकलं. ब्रेकच्या नळ्या कापताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: काही ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट नावाचं ब्रेक फ्लुइड, आणि एकात दुसरं गेलं की सीलं फुगून ब्रेक निकामी होतो. डॉट रंगही खातो. रोटरला (ब्रेकच्या चकतीला) तेलकट बोट लावू नका. आतून जाणाऱ्या नळ्या ओढायला फ्रेमच्या भोकातून दोरा घालून दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावला. अर्धा तास नुसता तारेनं चाचपडत बसल्यावर ही युक्ती मिळाली, आणि दोरा क्षणात बाहेर. चेनची लांबी गिअरच्या मार्गदर्शिकेप्रमाणे ठेवली. हार्डटेलमध्ये मागचा ॲक्सल हलत नाही, त्यामुळे इथे फुल सस्पेन्शनसारखी डोकेफोड नाही.

ट्यूबलेस टायर बसवताना रिमची टेप आतल्या रुंदीपेक्षा तीन ते पाच मिलिमीटर जास्त रुंद घ्यावी. व्हॉल्व्हचा गाभा काढून हवा आत सोडली की टायर पटकन कडेला बसतो. माझ्या मागच्या टायरमधली निम्मी हवा रात्रभरात गेली. सीलंट (गळती बुजवणारा द्रव) टाकून चाक आडवं ठेवलं, दर थोड्या वेळानं उलटं केलं, दुसऱ्या दिवशी हवा टिकली. एवढ्या मोठ्या टायरला १०० ते १२० मिलिलिटर सीलंट लागतं, पाकिटावरच्या लहान टायरच्या मापानं जाऊ नका.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सायकल बाहेर काढली. पोटात गोळा होता, खोटं कशाला सांगू. उतारावर जायच्या आधी सपाट जागी नव्या ब्रेकची पकड बसवून घेतली: मध्यम वेगात यायचं, चाक न अडकवता वेग जवळजवळ पूर्ण उतरवायचा, असं वीसेक वेळा. पहिल्या दोन-तीन वेळा ब्रेक लागतच नाहीत असं वाटतं. मग एकदम पकड येते.

मोठी चाकं मुळांवरून आणि दगडांवरून खरंच सहज जातात. अडथळ्याला चाक जिथं टेकतं तिथला कोन लहान होतो, त्यामुळे धक्का कमी आणि वेग कमी तुटतो. त्याची किंमतही मोजावी लागते. थांबल्या जागेवरून वेग घ्यायला जड वाटतात आणि अरुंद, उलट्या वळणांवर सायकल लांबलचक भासते. तिथं हँडल वळवण्यापेक्षा सायकल कलती करायची आणि नजर वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर ठेवायची. उतारावर टाचा खाली, कमरेतून वाकायचं, गुडघे आणि कोपरं मोकळी. मागचं सस्पेन्शन म्हणजे आपले पायच. चढावर मात्र बसून पेडल मारत मुळांवरून गेलं की सीट खालून ठोसे मारते, तिथं क्षणभर उठावं.

अजून एक बारकावा, जो तक्त्यांत दिसत नाही. बसल्यावर फक्त पुढचाच फोर्क दबतो, त्यामुळे हार्डटेलचा हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन) कागदावरच्यापेक्षा उभा होतो. माझा फोर्क माझ्या वजनानं २२ मिलिमीटर दबतो, म्हणजे साधारण एक अंश. फ्रेम निवडताना हा अंश मनात धरावा. टायरमध्ये हवा पुढे २० पीएसआय, मागे २३. ही माझ्या वजनाची आणि माझ्या वाटांची गोष्ट झाली. तुम्ही रिमवरची मर्यादा बघून थोड्या जास्तीनं सुरुवात करा आणि दर खेपेला एकेक कमी करत जा.

पहिल्या काही फेऱ्यांत दर पेडलला खालून कर्र असा आवाज येत होता. बॉटम ब्रॅकेट उघडला, नीट होता. पेडल काढून ग्रीस लावलं, फरक नाही. शेवटी मागचा ॲक्सल पुसून त्याला पातळ ग्रीस लावलं आणि ठरलेल्या टॉर्कवर आवळलं, आवाज गेला. कुरकुर ऐकू येते एकीकडून आणि असते भलतीकडे, त्यामुळे शोध सगळ्यात सोप्या जागेपासून सुरू करावा.

त्यानंतर स्पोकांचा ताण पुन्हा तपासला, डावीकडचे दोन थोडे ढिले झाले होते. स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बोल्ट पाच न्यूटन मीटरवर, रोटरचे सहावर, कॅसेट चाळीसवर, सगळे पुन्हा एकदा लावून त्यांच्यावर पेंटची रेघ मारली. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला हे लांबूनच कळतं. जास्तीचा डिरेल्युअर हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला जिथं लटकतो तो तुकडा) बॅगेत ठेवला आहे. आता फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस येते आहे, पुस्तिकेत ५० तासांनी सांगितली आहे. वहीत तास मोजतेय, सीलं आणि तेल मागवलं आहे.